पाच सेकंदांची लोकल: कॅसेटचा लूप हाताने कसा बनवायचा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली. त्यानंतर पंच्याण्णव वर्षांनी पॅरिसमध्ये पिएर शेफेर या रेडिओ इंजिनिअरने बातिन्योलच्या रेल्वे यार्डात वाफेच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले आणि फक्त त्या आवाजांची एक रचना बांधली. ५ ऑक्टोबर १९४८ ला ती फ्रेंच रेडिओवरून ऐकवली गेली. त्याच्या आधी, १९४४ मध्ये, कैरोत हलीम अल-दब यांनी तारेवर मुद्रण करणाऱ्या यंत्रावर असाच प्रयोग केला होता. पण आवाज कापून, जोडून, फिरवून संगीत करायची वाट रुळली ती शेफेरच्या या आगगाडीमुळे. ठाणे-नवी मुंबईतल्या बँडला हाताशी घ्यायला याहून जवळचा विषय सापडणार नाही.

शेफेरकडे तेव्हा टेप नव्हती. तबकडीवरची खाच पुढे न सरकता स्वतःलाच येऊन मिळेल अशी तो कापायचा. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर अशी एक फेरी पाऊण सेकंदाची होते. तोच आवाज शंभर वेळा ऐकला की तो कशाचा आहे हे मागे पडतं आणि त्यातला सूर, वजन, खरखर पुढे येते. कॅसेटचा लूप, म्हणजे टेपच्या तुकड्याची दोन्ही टोकं जोडून केलेलं सतत फिरणारं वेटोळं, हेच काम करतो, फक्त त्याची एक फेरी पाच सेकंदांची असते. कॉम्प्युटरवर लूप करायला दोन क्लिक पुरतात हे खरं, पण तिथे लांबी कधीही बदलता येते, म्हणून कान निर्णय पुढे ढकलत राहतो. टेप एकदा कापली की कापली. बँडमधल्या प्रत्येकाने निदान पहिला लूप हाताने करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सामान

कॅसेट पाच स्क्रूंची हवी. कडा वितळवून चिकटवलेली कॅसेट उघडताना फुटते. टेप सी-६० ची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांची घ्या. तिची जाडी साधारण १८ मायक्रॉन असते, सी-९० ची १२ आणि सी-१२० ची ९. पातळ टेप लूपमध्ये ताणली जाते आणि रबरी चाकाभोवती गुंडाळली जाते. क्रोम किंवा मेटलच्या मागे लागू नका, साधी फेरिक टेप पुरते.

यंत्र शक्यतो झाकण उघडं ठेवून चालवता येईल असं, रेकॉर्डिंगची सोय असलेलं आणि ऑटो-रिव्हर्स नसलेलं बघा. ऑटो-रिव्हर्स यंत्राला लूपचा ताण म्हणजे टेप संपली असं वाटतं आणि ते मध्येच दिशा बदलतं. जुनी यंत्रं लॅमिंग्टन रोडला आणि चोर बाजारात मिळतात. घेण्याआधी एखादी ओळखीची कॅसेट लावून एकच लांब सूर ऐका. सूर हलत असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा ढिला झालेला असतो. आपल्याकडच्या दमट उकाड्यात तो पट्टा विरघळून डांबरासारखा होतो. पट्टा बदलता येतो, झिजलेलं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, बदलणं मात्र सहसा परवडत नाही.

बाकी नवं दाढीचं ब्लेड, स्टीलची फूटपट्टी, छोटा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जोडपट्टी एवढंच. टेप जोडायची खास पट्टी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चांगल्या प्रतीची पातळ पारदर्शक चिकटपट्टी चालते, पण तिचा गोंद काही आठवड्यांनी कडेने बाहेर येतो, म्हणून तो सांधा तात्पुरता समजा. ब्लेडने टाचणी उचलली जात असेल तर ते ब्लेड बाजूला ठेवा. चुंबकत्व आलेल्या पात्याने कापलं की सांध्यावर दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो नंतर जात नाही.

लांबीचा हिशेब

कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. कॅसेटच्या आत दोन्ही कोपऱ्यांतले रोलर आणि दोन्ही चकत्या यांच्याभोवती एक वेढा घातला की साधारण २४ सेंटिमीटर टेप लागते. म्हणजे ५.०४ सेकंद. कॅसेटच्या बनावटीप्रमाणे यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून पहिला तुकडा २४ चा कापा आणि ताण बघून पुढचा ठरवा.

बँडसाठी या आकड्याचा अर्थ असा. एका फेरीत आठ ठोके बसवले तर लय मिनिटाला ९५ च्या जरा वर येते. झपतालाच्या दहा मात्रा बसवल्या तर ११९, रूपकाच्या सात बसवल्या तर ८३, दादऱ्याच्या सहा बसवल्या तर ७१. लूप तोच, फक्त मोजायची पद्धत बदलते. तबला आणि ड्रम दोन्ही असलेल्या बँडला यात बरंच काही करता येतं. ड्रमरने आठ धरावेत आणि तबलजीने दहा. दोघं दर पाच सेकंदांनी समेवर भेटतात.

हे आकडे कागदावरचे. स्वस्त यंत्रं टक्का-दोन टक्के वेगाने किंवा हळू चालतात. म्हणून लूप तयार झाला की स्टॉपवॉच लावून २० फेऱ्या मोजा आणि आलेल्या सेकंदांना २० ने भागा. हीच तुमच्या लूपची खरी लांबी. कापताना एक मिलिमीटर चुकला तर दर फेरीला ०.०२ सेकंद आणि मिनिटाभरात पाव सेकंद फरक पडतो. पाव सेकंद म्हणजे ड्रमरच्या दृष्टीने सगळं मोडलं. त्यामुळे टेपच्या लूपसोबत क्लिक ट्रॅक, म्हणजे लय दाखवणारी ठरावीक टिकटिक, लावायचा नाही. ड्रमरच्या कानात लूपच द्यायचा आणि त्याने त्याच्या मागे जायचं.

लंडनला १९५८ मध्ये सुरू झालेल्या बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप या, कार्यक्रमांसाठी नवे आवाज बनवणाऱ्या विभागात हा हिशेब रोजचा होता. तिथली मोठी टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावायची. १२० च्या लयीत एक ठोका म्हणजे १९ सेंटिमीटर टेप. तिथे काम करणाऱ्या डेलिया डर्बिशर गणित शिकलेल्या होत्या. ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचं १९६३ चं शीर्षकसंगीत त्यांनी अशाच तुकड्यांतून, एकेक स्वर मोजून, कापून आणि जोडून उभं केलं. त्या मानाने आपल्याला एकच सांधा करायचा आहे, तो तरी नेटका करावा.

आवाज कुठून घ्यायचा

लोकलचा खडखडाट घ्यायचा ठरवलात तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. शेफेरच्या काळी रूळ तुकड्यातुकड्यांचे असत, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर ठेका पडे. आता लांबच लांब रूळ वेल्डिंगने जोडलेले असतात. धावत्या लोकलमध्ये ऐकू येते ती सलग घरघर. ठेका हवा असेल तर गाडी सांधे बदलते तिथे, म्हणजे ठाणे स्टेशनातून बाहेर पडताना किंवा आत शिरताना मुद्रण करा. घरघर हवी असेल तर वाशी-मानखुर्द दरम्यानचा खाडीपूल. पुलावर गाडी शिरली की खालचा स्वर एकदम भरतो. दाराशी उभं राहून मुद्रण करू नका. खिडकीजवळ बसून मांडीवरच्या बॅगेवर फोन ठेवला की डब्याचा कंप नीट येतो आणि वाऱ्याचा फडफडाट येत नाही. स्टेशनात स्टँड लावून काम करायचं असेल किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर रेल्वेची परवानगी काढावी लागते.

फोनमध्ये डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल करणारं ॲप घ्या आणि आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा. ती सुरू राहिली तर हॉर्न वाजल्यावर सगळं दबतं आणि मग हळूहळू वर येतं. लूपमध्ये ते श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा.

रेल्वेखेरीजही खूप काही आहे. कोपिनेश्वर मंदिरातली घंटा, वाशीच्या एपीएमसीत पहाटे फरशीवरून ओढल्या जाणाऱ्या हातगाड्या, पावसाळ्यात उपवन तलावाकाठचे किडे. घंटेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. शेफेरने १९४८ मध्येच घंटेचा ठोका कापून टाकला आणि मागे उरलेली फक्त आस फिरवली. ठोका गेल्यावर ती घंटा वाटेना, एखाद्या फुंकीच्या वाद्यासारखी वाटू लागली. आपण वाद्य ओळखतो ते बहुतेक सुरुवातीच्या क्षणावरून. डर्बिशर यांनीही पत्र्याच्या दिव्याची हिरवी शेड वाजवून तिचा ठोका काढला आणि आस वापरली. घरात पितळी तांब्या, परात, समई असतेच. ती वाजवा, ठोक्यानंतरची आस तेवढी ठेवा. मंदिरात मुद्रण करताना गाभाऱ्यापासून लांब उभे राहा आणि पुजाऱ्यांना विचारून घ्या. आरतीच्या वेळी तर एकटी घंटा मिळणारच नाही, दुपारची निवांत वेळ बरी.

आधी भरायचं की आधी कापायचं

इथे सर्वांत जास्त लोक अडखळतात. रेकॉर्डिंग चालू असताना टेप आधी पुसणाऱ्या हेडसमोरून जाते, मग एक-दोन सेंटिमीटर पुढे असलेल्या मुद्रण करणाऱ्या हेडसमोरून. तुम्ही स्टॉप दाबता तेव्हा या दोन हेडमधला तुकडा पुसलेला असतो पण भरलेला नसतो. लूपमध्ये तिथे ०.२ ते ०.४ सेकंदांची पोकळी दर फेरीला ऐकू येते.

म्हणून सलग आवाज असेल, पुलावरची घरघर किंवा घंटेची आस, तर आधी पूर्ण कॅसेटवर तो पाच-दहा मिनिटं भरा आणि मग त्यातला २४ सेंटिमीटरचा तुकडा कापा. घंटेची आस विरत जाते, तेव्हा कॉम्प्युटरवर ती एकावर एक घालून लांब करून घ्या. ठेक्याचा आवाज असेल तर आधी कोरा लूप बनवा, २० फेऱ्या मोजून खरी लांबी काढा, कॉम्प्युटरवर नेमक्या तेवढ्या लांबीचा ठेका करून तो वीस-पंचवीस वेळा सलग ठेवा आणि लूपवर मुद्रण करा. स्टॉप दाबायचा तो ठेक्यातल्या मोकळ्या जागेत. त्यासाठी ठेक्यात अर्धा सेकंद शांतता मुद्दाम ठेवावी लागते.

मुद्रण होतच नसेल तर कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा दात तुटलेला असतो. त्या खाचेवर चिकटपट्टी लावा. यंत्रावरची डॉल्बी ही टेपची खरखर कमी करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर लूप दबका वाजेल.

कापणं आणि जोडणं

हात धुऊन, कोरडे करून बसा. पंखा बंद. पाच स्क्रू काढा, वरचं झाकण सरळ वर उचला. आत दोन पातळ पारदर्शक पत्रे, कोपऱ्यांत दोन रोलर आणि मधोमध फेल्टची गादी लावलेली स्प्रिंग असते. ती स्प्रिंग आणि तिच्यामागची धातूची पट्टी हरवू देऊ नका. गादी नसेल तर टेप हेडला टेकत नाही आणि आवाज गढूळ होतो. टेप कशी वळवलेली आहे याचा फोटो काढून ठेवा.

आता बाजू ओळखा. टेपची जी बाजू कॅसेटच्या बाहेर, हेडकडे बघते तीच मुद्रणाची. चमक बघून ठरवू नका. काही टेपांची मुद्रणाची बाजू जास्त चकचकीत असते, काहींची मागची. जोडपट्टी नेहमी मागच्या, आत बघणाऱ्या बाजूला लागते.

कागदावर २४ सेंटिमीटरच्या दोन खुणा करा. टेप एक सेंटिमीटर जास्तीची घ्या, वळवून तिची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवा आणि दोन्ही एकाच घावात ४५ अंशांत कापा. असं केलं की कोन कितीही चुकला तरी दोन्ही टोकं एकमेकांत बसतात. टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि एका बाजूचे दोन ट्रॅक मिळून सुमारे दीड मिलिमीटर जागा घेतात. तिरका सांधा त्यांच्यासमोरून जायला ०.०३ सेकंद लागतात, तेवढ्यात एक आवाज दुसऱ्यात मिसळतो. सरळ कापलं तर बदल एकदम होतो. ठेक्याच्या लूपला सरळ काप चालतो, घरघरीला कधीच नाही.

टोकं भिडवा. मध्ये फट नको, एकावर एकही नकोत. फटीत गोंद दिसला तर तो हेडला लागणार. जोडपट्टीचा सव्वा सेंटिमीटरचा तुकडा, रुंदी साडेतीन मिलिमीटर, लावा आणि नखाने घासून बसवा. पट्टी टेपपेक्षा जराही रुंद असली तर कडेला राहिलेला गोंद रबरी चाकाला चिकटतो आणि सगळा लूप आत ओढला जातो. यंत्राने टेप खाल्ली असं लोक म्हणतात, त्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

जोडण्याआधी आणि नंतर टेपला पीळ पडला नाही ना हे बोटाने पूर्ण वेढा फिरवून तपासा. अर्धा पीळ राहिला तर एक फेरी स्वच्छ आणि पुढची भिंतीपलीकडून आल्यासारखी वाजते. काहींना हे आवडतं आणि ते मुद्दाम ठेवतात. पण ते ठरवून केलेलं असावं.

लूप दोन्ही रोलर आणि दोन्ही चकत्यांभोवतून घ्या, पत्रे आणि झाकण ठेवा, स्क्रू हलके आवळा. जास्त आवळले तर कवच वाकतं आणि टेप घासते. यंत्रात घालण्याआधी उजव्या चकतीत पेन्सिल घालून फिरवा. टेप न अडखळता सरकली पाहिजे, कुठे अडकता कामा नये. वाजवताना सूर ओढल्यासारखा खाली-वर होत असेल तर लूप घट्ट आहे, पुढचा दोन मिलिमीटर लांब कापा. टेप आत चोळामोळा होत असेल तर ढिला आहे. पहिले दोन-तीन लूप वाया जातील हे धरूनच चाला. सी-६० मध्ये जवळपास नव्वद मीटर टेप असते, तेव्हा कंजुषी नको.

साध्या स्टीरिओ यंत्रावर कॅसेट उलटली की त्याच टेपवर दुसरा स्वतंत्र लूप मिळतो. चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रण केलं असेल तर उलटल्यावर तोच लूप उलटा वाजतो.

दोन लूप, दोन यंत्रं

१९६५ मध्ये अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी एकाच वाक्याचे दोन सारखे लूप दोन यंत्रांवर एकत्र सुरू केले. यंत्रांचा वेग किंचित वेगळा होता, त्यामुळे एक लूप दुसऱ्यापासून हळूहळू सुटत गेला. हे सुटत जाणं दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी तीच रचना मानली. कागदावर हिशेब मांडला तर २४ आणि २४.२ सेंटिमीटरचे लूप सुमारे दहा मिनिटांनी पुन्हा एकत्र येतात. प्रत्यक्षात दोन यंत्रांच्या वेगातला फरक या दोन मिलिमीटरइतकाच किंवा जास्त असतो, त्यामुळे हिशेब चुकतो. म्हणून मंचावर अंदाजाने सोडू नका. बऱ्याच मोटरींच्या मागे छिद्र असतं, आत वेग बदलण्याचा बारीक स्क्रू असतो. तो प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून दोन यंत्रं हवी तितकी जवळ आणा.

मंचावर

यंत्र बॅटरीवर चालवा. अडॅप्टरवर चालवलं की मिक्सरशी जोडताच बरेचदा ५० हर्ट्झची गुणगुण येते. सेल मात्र कार्यक्रमाआधी नवे टाका, कारण स्वस्त यंत्रात सेल उतरले की लयही उतरते. हेडफोनच्या छिद्रातून मिक्सरपर्यंत वायर पाच मीटरपेक्षा लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीत गुणगुण येऊ न देणारी जोडपेटी, घ्या.

तासाभराच्या वापरात पाच सेकंदांचा लूप सातशेहून जास्त वेळा हेडवरून जातो. आवाजातल्या वरच्या स्वरांचा उजेड हळूहळू कमी होतो. एका लूपच्या तीन प्रती ठेवा आणि दहा मिनिटांचं डिजिटल मुद्रण करून ठेवा. प्रत्येक सरावानंतर हेड आणि टेप ओढणारा धातूचा दांडा अल्कोहोलने पुसा.

बँडची बातमी देताना

गाणं प्रसिद्ध करताना लूपची माहिती लिहा: कुठला आवाज, कधी घेतला, किती सेंटिमीटर, कुठल्या यंत्रावर. ऐकणाऱ्याला यातून वाट मिळते. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं मांडायचं असेल तर ते प्रसिद्धीच्या निदान सात दिवस आधी अपलोड झालेलं असावं. वितरक वेळ घेतात, म्हणून तीन-चार आठवडे हातात ठेवा. स्टेशनातली घोषणा किंवा कुणाचं बोलणं लूपमध्ये असेल तर प्रसिद्ध करण्याआधी ते काढा किंवा परवानगी घ्या.

आधीच्या लोकांबद्दल लिहाल तेव्हा ‘पहिला’ हा शब्द जपून वापरा. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची १९८२ ची तबकडी रोलंड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, रागांवर बांधलेली आहे आणि शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचं साम्य थक्क करणारं आहे. शिकागोतली ॲसिड हाउसची सुरुवातीची तबकडी १९८७ ची. पण शिकागोच्या लोकांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असं लिहायला आधार नाही, तेव्हा साम्य लिहा, वारसा लिहू नका. तसंच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. त्या टेपा २०२३ मध्ये संकलन म्हणून बाहेर आल्या. लिहिताना ही नावं पूर्ण लिहा. ‘काही भारतीय संगीतकार’ असं लिहून मोकळं होणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्या टेपा इतकी वर्षं टिकल्या, आपले लूप ठाण्याच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत बुरसटू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये कॅसेटी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या दर पंधरा दिवसांनी बदला. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी टेप यंत्रात घालू नका, ती हेडवर जाते आणि तिथून प्रत्येक कॅसेटवर. वेष्टनावर लांबी, २० फेऱ्यांची वेळ, मात्रा आणि सांधा केल्याची तारीख लिहा. साध्या चिकटपट्टीचा सांधा तीन महिन्यांनी बदलायचा असतो, आणि तारीख लिहिलेली नसली की तो नेमका कार्यक्रमातच सुटतो.